चित्रपुस्तकातले नसलेले पान

अध्यक्ष महोदय, शिक्षकहो आणि पालकहो,

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘चित्रपुस्तकांतून शाळेची ओळख’ असा छापला आहे. मला मात्र चित्रपुस्तकाच्या एकाच पानाविषयी बोलायचे आहे, आणि माझी तक्रार अशी, की ते पान बहुतेक पुस्तकांत नसतेच.

माझी भाची साडेतीन वर्षांची असताना, तिची शाळा सुरू होण्याआधी, मी तिच्यासाठी एक देखणे पुस्तक आणले. त्यात दप्तर होते, फाटक होते, हसऱ्या बाई, घसरगुंडी, गाणी, आणि शेवटच्या पानावर हात उंचावून ओरडणारी सगळी मुले. मी ते साभिनय वाचले आणि समाधानाने मिटले. तिने ते माझ्या हातातून काढून घेतले, उलटून मागचे कव्हर पाहिले आणि विचारले, “ह्याची आई कुठाय?” मी म्हणालो, “घरी.” “मग हा घरी कसा गेला?” शिक्षणशास्त्राची पदवी गाठीशी असूनही मला उत्तर सुचले नाही.

फाटकाच्या चित्रात, अगदी कडेला, आईचा केवळ हात आणि हिरवी पिशवी दिसत होती. पुढचे तीन दिवस भाची त्या पिशवीवर बोट ठेवून बसे आणि पान उलटू देत नसे. चौथ्या दिवशी आम्ही मागच्या कोऱ्या पानावर तेच फाटक काढले आणि त्यात न्यायला आलेली आई उभी केली. माझी चित्रकला अशी, की आई आणि फाटक यांतला फरक सांगावा लागला; पण पिशवी हिरवीच हवी, यावर भाची ठाम होती. त्यानंतर ती आधी ते पान पाही, खात्री करून घेई, आणि मगच पुस्तक पहिल्यापासून वाचू देई.

प्रकाशकांना आनंदी चित्रे म्हणजे धीर वाटतो. ज्या पुस्तकात कोणीच रडत नाही, ते वाचून गेलेल्या मुलाला पहिल्या दिवशी रडू आले, तर आपलेच काहीतरी चुकले असे त्याला वाटते. (शाळेत जाणाऱ्या सशांविषयी मी बोलणार नाही, सशाला शाळा नसते, हे मुलांना पक्के ठाऊक असते.) मुलांच्या पहिल्या चित्रपुस्तकांत गणल्या जाणाऱ्या, युरोपातल्या कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाच्या 1658 सालच्या पुस्तकाचा आरंभच शिक्षक आणि मुलगा यांच्या संवादाने होतो. “ये मुला, शहाणा व्हायला शीक,” असे शिक्षक म्हणतो, आणि मुलगा लगेच विचारतो, शहाणे होणे म्हणजे काय? प्रश्न विचारायची मुभा तेव्हापासून आहे. आपण वाचताना ती काढून घेतो.

पाच मिनिटे उरल्याची चिठ्ठी आली आहे, आणि कबूल केलेला विषय तसाच राहिला आहे. तेव्हा भराभर सांगतो. “बारा वाजता येईन” या वाक्याचा तीन वर्षांच्या मुलाला उपयोग नसतो. “गाणी, मग डबा, मग गोष्ट, मग आई” हा क्रम त्याला कळतो, आणि पुस्तकाची पाने हेच त्याचे घड्याळ असते. म्हणून एकच पुस्तक दोन-तीन आठवडे आधीपासून पुनःपुन्हा वाचावे, आदल्या रात्री नव्हे. वाचताना थांबून विचारावे. व्हाइटहर्स्ट हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1988 सालच्या अभ्यासात पालकांनी चित्रांविषयी मोकळे प्रश्न विचारले आणि मुलांच्या उत्तरांत भर घातली, तेव्हा चार आठवड्यांत ती लहान मुले बोलण्यात तुलनेच्या गटापुढे गेली. वर्गात “मला शू लागली” किंवा “आई कधी येणार?” असे अनोळखी बाईंना सांगायला शब्द जवळ लागतात, म्हणून हे महत्त्वाचे. पुस्तक नसेल, तर खऱ्या फाटकाचे, वर्गाचे, बाईंचे फोटो क्रमाने चिकटवावेत. शिक्षकांनी तेच पुस्तक वर्गात हाताशी ठेवावे. आणि पालकांनी मुलाची नजर चुकवून पळ काढू नये. नाहीतर मागच्या कोऱ्या पानावर काढलेल्या आईवर मूल दुसऱ्या दिवशी विश्वास ठेवणार नाही.