लाकडी दांडे आणि परदेशातलं बिऱ्हाड

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातलं हे पेट्रोलिया. शेजारच्या ऑइल स्प्रिंग्जला १८५८ मध्ये जेम्स मिलर विल्यम्सच्या विहिरीला तेल लागलं, अमेरिकेत तेलविहीर खोदणाऱ्या एडविन ड्रेकच्या एक वर्ष आधी. नाव मात्र ड्रेकचंच झालं!

विल्यम हेन्री मॅकगार्वी पेट्रोलियातला दुकानदार. दुकान सांभाळता सांभाळता तो तेलात उतरला, गावचा मेयरही झाला. पण त्याची खरी पुंजी होती इथल्या ड्रिलरांची, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून तेल काढणाऱ्या कारागिरांची विद्या.

अमेरिकन ड्रिलर हत्यार दोराला बांधून सोडत. इथले लोक अ‍ॅशच्या लाकडाचे लांब दांडे एकाला एक जोडत. टोकाला जड छिन्नी. ती उचलायची, आपटायची, जराशी फिरवायची, पुन्हा आपटायची. दोराला पीळ पडतो. दांडा वर फिरवला की खाली छिन्नीही तेवढीच फिरते. तिरक्या, ठिसूळ थरांतही भोक सरळ जातं.

या कौशल्याला बाहेरून मागणी आली. १८७० च्या दशकात पेट्रोलियाचे ड्रिलर थेट जावा बेटावर पोचले. बरेच जण बायकामुलांना मागे ठेवून जात.

मॅकगार्वीने बिऱ्हाडच हलवलं. बर्गहाइम या भागीदाराबरोबर त्याने आधी जर्मनीत नशीब अजमावलं. तिथे फारसं काही लागलं नाही. मग १८८० च्या दशकात तो गालिशियात आला. ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचा हा प्रांत आज पोलंड आणि युक्रेनमध्ये विभागला आहे. इथे तेलासाठी हाताने खड्डे खणत. माणूस दोराने खाली सोडायचा, आणि वायूने गुदमरला तर त्याच दोराने वर ओढायचा. कॅनडाच्या दांड्यांनी हे चित्र पालटलं. पेट्रोलियाहून आणखी ड्रिलर आले, काही कुटुंबांसह. गोर्लिचेजवळ ग्लिनिकला रिफायनरी आणि हत्यारांचा कारखाना उभा राहिला.

मॅकगार्वीच्या घरातही युरोप शिरला. दुकानदाराची मुलगी झेपेलिन या उमराव घराण्यात सून म्हणून गेली. १९०९ मध्ये तेल उत्पादनात गालिशियाच्या पुढे अमेरिका आणि रशिया, एवढेच होते.

१९१४ ला महायुद्ध पेटलं. ब्रिटिश प्रजाजन असलेला मॅकगार्वी व्हिएन्नात एका रात्रीत शत्रुराष्ट्राचा माणूस ठरला. रशियन फौजा गालिशियात घुसल्या होत्या. त्याच नोव्हेंबरात तो व्हिएन्नातच वारला. पुढच्या मे महिन्यात गोर्लिचेलाच मोठी लढाई झाली. ग्लिनिकचा कारखाना मात्र युद्धानंतरही टिकला. तिथे पुढे खाणींसाठी यंत्रं बनत राहिली.