शेवटच्या सामन्यानंतरचा क्लब

नमस्कार श्रोतेहो.

मेलबर्नचं एम.सी.जी. मैदान आपल्याला ठाऊक आहे ते क्रिकेटमुळे. पायचीत दिलं म्हणून गावसकर तिथून तणतणत निघाले होते, ते १९८१ साल अजून कित्येकांच्या लक्षात असेल. पण मेलबर्नकरांना विचाराल तर हिवाळ्यात ते मैदान 'फूटी'चं. फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल.

गंमत अशी, की हा खेळ काढला क्रिकेटवाल्यांनीच. टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूनं १८५८ साली वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की हिवाळ्यात आमची पोरं सुस्तावतात, त्यांना काहीतरी खेळ द्या. पुढच्या वर्षी नियम कागदावर आले. म्हणून आजही तो क्रिकेटच्याच मैदानावर खेळतात. एका बाजूला १८ गडी. चेंडू लांबट. तो लाथेनं मारायचा, नाहीतर तळहातावर धरून मुठीनं ठोकायचा. फेकायचा नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून मारला तर ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १. नेम चुकला तरी एक गुण पदरात टाकणारा हा खेळ मला फार माणुसकीचा वाटतो.

तर आज गोष्ट सांगणार आहे ती फिट्झरॉय नावाच्या क्लबाची. मेलबर्नच्या मध्यापासून ११ नंबरची ट्राम उत्तरेला निघाली की ब्रन्सविक स्ट्रीटवरून थोड्याच वेळात एडिनबर्ग गार्डन्स नावाची बाग लागते. बागेतच मैदान, मैदानाच्या कडेला १८८८ सालचा जुना स्टँड. आज हा क्लब हौशी लीगमध्ये खेळतो. खेळाडूंना एक पैसा मिळत नाही. प्रेक्षक कुत्री घेऊन येतात, पोरं कुंपणाला लोंबकळतात.

आणि हाच क्लब एके काळी देशातल्या सर्वांत मोठ्या लीगच्या ८ संस्थापकांपैकी एक होता!

क्लब स्थापन झाला १८८३ साली. फिट्झरॉय तेव्हा कामगारांचं उपनगर, एकमेकांना खेटलेली घरं, कारखाने. १८९७ साली ती मोठी लीग सुरू झाली, तेव्हाचं तिचं नाव व्हिक्टोरियन फुटबॉल लीग, आणि दुसऱ्याच वर्षी फिट्झरॉय विजेते. एकूण ८ वेळा त्यांनी ती लीग जिंकली. सगळी सांगत बसत नाही, पण १९१६ ची सांगायलाच हवी. पहिलं महायुद्ध चालू होतं. बहुतेक क्लबांनी संघ उतरवलेच नाहीत, उरले फक्त चार. १२ सामन्यांत फिट्झरॉयनं जिंकले २, एक बरोबरीत सुटला. म्हणजे तळाला. पण संघच चार, त्यामुळे चौघेही बाद फेरीत! तिथं मात्र फिट्झरॉयनं एकेकाला लोळवलं आणि विजेतेपद खिशात घातलं. त्याच वर्षी शेवटचा नंबर आणि पहिलाही. आता हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

माझ्या मनात मात्र हा क्लब राहिला तो एका माणसामुळे. डग निकल्स. उंची जेमतेम ५ फूट २ इंच, पळण्यात वारा. तो आदिवासी होता, ऑस्ट्रेलियाचा मूळ रहिवासी. १९२७ च्या सुमारास तो कार्लटन क्लबाकडे गेला, तर तिथं अंगाला वास येतो म्हणून त्याला मालीश करायलाही नकार मिळाला. तो निघून गेला, दुसऱ्या लीगमध्ये नाव काढलं आणि १९३२ साली फिट्झरॉयमध्ये आला. सांगतात, की पहिल्या दिवशी तो कपडे बदलायच्या खोलीत एका कोपऱ्यात बसला होता. तेव्हा हेडन बंटन उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला. बंटन म्हणजे ऐरागैरा नव्हे. लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक त्यानं तीनदा मिळवलं. कर्णधार-प्रशिक्षकाचं भाषण नव्हे, ठराव नव्हे, नुसतं शेजारी जाऊन बसणं. निकल्स पुढे ५४ सामने खेळला, नंतर त्याच फिट्झरॉयमध्ये पाद्री झाला, आपल्या लोकांच्या हक्कांसाठी झटला, आणि १९७६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाचा राज्यपाल झाला.

१९४४ साली क्लबानं शेवटचं विजेतेपद मिळवलं. एम.सी.जी. तेव्हा लष्कराच्या ताब्यात होतं, म्हणून अंतिम सामना मेलबर्नमधल्याच जंक्शन ओव्हल मैदानावर झाला. त्यानंतर उतरण. वस्ती बदलली, माणसं लांबच्या उपनगरांत गेली, आणि १९६६ नंतर क्लबाचं घरचं मैदानही सुटलं. मग आज या मैदानावर, उद्या त्या मैदानावर, भाडेकरूसारखं. बिऱ्हाड सारखं पाठीवर असलेल्या घरात शिल्लक काय पडणार? कर्ज वाढत गेलं. शेवटी जे कर्ज नडलं, ते होतं नाउरू या चिमुकल्या बेटावरच्या सरकारी विमा कंपनीचं. फॉस्फेटवर श्रीमंत झालेलं ते बेट फूटीचं वेडं, हा त्यातला विनोद म्हणायचा की काय, मला कळत नाही.

१९९६ च्या जुलैत निर्णय झाला, की फिट्झरॉयचा संघ ब्रिस्बेनच्या क्लबात विलीन होणार. मेलबर्नमधला निरोपाचा सामना १५१ गुणांनी हरला. आठवड्यानं, १ सप्टेंबरला, हजारो किलोमीटर दूर पर्थमध्ये शेवटचा सामना. तोही ८६ गुणांनी गेला. मोठ्या लीगमधला १०० हंगामांचा हिशेब असा मिटला.

या विलीनीकरणातून झालेल्या ब्रिस्बेन लायन्स क्लबानं २००१ पासून लागोपाठ तीन वर्षं लीग जिंकली. काही जुन्या पाठीराख्यांनी त्यांना आपलं मानलं. काहींनी फूटी बघणंच सोडलं. दोघांचंही मला पटतं.

पण एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात आली नव्हती. संघ गेला, तरी फिट्झरॉय फुटबॉल क्लब ही संस्था कायद्यानं मेलीच नव्हती. देणी फिटली, सभासद टिकले. ब्रन्सविक स्ट्रीटच्या त्याच मैदानावर फिट्झरॉय रेड्स नावाचा एक हौशी क्लब खेळत होता. दोघं एक झाले आणि २००९ साली फिट्झरॉय पुन्हा मैदानात उतरलं, हौशी लीगच्या खालच्या पायरीवर. जर्सीचे रंग तेच. आता महिलांचे संघही आहेत.

मी लेकीकडे गेलो होतो, तेव्हा एका शनिवारी तिथला सामना पाहिला. चार डावांचा खेळ असतो. मधल्या सुटीत प्रेक्षक सरळ मैदानात शिरले. पोरं चेंडू लाथाडू लागली, आणि मोठी माणसं खेळाडूंच्या कोंडाळ्याभोवती उभी राहून प्रशिक्षकाचं बोलणं ऐकू लागली. मीही जाऊन उभा राहिलो. कुणी हटकलं नाही.

त्या दिवशी फिट्झरॉय जिंकलं. खेळाडू गळ्यात हात घालून ओरडत गाऊ लागले. त्या क्लबाच्या गाण्याची चाल फ्रान्सच्या राष्ट्रगीताची. ब्रिस्बेनवाल्यांनी ती चाल घेतली आणि शब्द बदलले. माझ्या शेजारचे एक म्हातारे गृहस्थ मात्र जुनेच शब्द म्हणत होते, डोळे मिटून, थोडे बेसूर.