रेंज दिसते, पण नेट चालत नाही

नमस्कार मंडळी. ‘वाय-फाय स्लो झालंय’ ही तक्रार आज घराघरांत आहे. या एका तक्रारीत तीन वेगवेगळे बिघाड असू शकतात. बाहेरून घरात येणारी लाइनच मंद असेल, राउटर ते लॅपटॉप हा हवेतला टप्पा कमजोर असेल, नाहीतर लॅपटॉपच्या आतच काहीतरी बिनसलं असेल. तिन्हींचे उपाय निरनिराळे आहेत. पण बहुतेक घरांत यातलं काहीच न तपासता आधी रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, विकत आणला जातो. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की आधी मोजा, मग एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा मोजा.

पहिलं मोजमाप दोन मिनिटांचं आहे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडा आणि ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करा. त्यात ‘डिफॉल्ट गेटवे’पुढे जो आकडा दिसतो, तो तुमच्या राउटरचा पत्ता. बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आता ‘पिंग’, मग जागा सोडून वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून ‘एन’, पुन्हा जागा सोडून ५०, पुन्हा जागा सोडून तो पत्ता, असं लिहून एंटर दाबा. लॅपटॉप राउटरला ५० वेळा हाक मारतो आणि प्रत्येक वेळी उत्तराला किती मिलिसेकंद लागले ते दाखवतो. त्या वेळी घरात मोठं डाउनलोड चालू नको, नाहीतर आकडे फसवतील.

उत्तरं १ ते ५ मिलिसेकंदांत येतायत आणि एकही हाक वाया गेली नाही, तर वाय-फाय ठणठणीत आहे. खोट पुढे, लाइनमध्ये आहे. नेट देणाऱ्याला फोन करा, लॅपटॉपला हात लावू नका. पण आकडे मधूनच १०० किंवा २०० वर उडत असतील, किंवा ५० पैकी तीन-चार उत्तरं आलीच नसतील, तर दोष हवेत आहे किंवा लॅपटॉपमध्ये. यातलं नेमकं कुठे, हे कळायला हीच चाचणी राउटरपासून दोन मीटरवर बसून पुन्हा करा. तिथे सगळं सुरळीत झालं तर अंतर आणि भिंती नडतायत. तिथेही रडगाणं तसंच, आणि शेजारी ठेवलेला मोबाइल मात्र मजेत चालतोय, तर लॅपटॉप दोषी.

आता सिग्नल मोजू. कोपऱ्यातल्या वाय-फायच्या कांड्यांवर विसंबू नका. त्या फार ढोबळ असतात. त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एन-ई-टी-एस-एच’, जागा, ‘डब्ल्यू-एल-ए-एन’, जागा, ‘शो’, जागा, ‘इंटरफेसेस’ असं टाइप करा. यात सिग्नलची टक्केवारी, चॅनेल आणि ‘रिसीव्ह रेट’ या तीन ओळी बघायच्या. टक्केवारी निम्मी करून त्यातून १०० वजा केले की साधारण डीबीएम, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचं माप, मिळतं. म्हणजे ८० टक्के हे उणे ६०, आणि ५० टक्के हे उणे ७५. ५० टक्के म्हणजे निम्मा सिग्नल असं वाटतं, पण हे माप दर १० एककांना दहापट बदलतं. उणे ६० वरून उणे ७० वर आलात की शक्ती दहावा भाग उरली. व्हिडिओ कॉल न अडखळता चालायला उणे ६७ किंवा त्याहून चांगला, म्हणजे शून्याच्या जवळचा, आकडा हवा. उणे ७५ ला पान उघडेल, कॉल तुटत राहील. उणे ८० च्या पलीकडे काही अपेक्षा ठेवू नका. मॅकवर ऑप्शनचं बटण दाबून धरून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की सिग्नल आणि गोंगाट, दोन्ही डीबीएममध्येच दिसतात. त्या दोहोंत २५ चा फरक असला की काम निभतं.

‘रिसीव्ह रेट’ म्हणजे राउटर ते लॅपटॉप या जोडणीचा वेग, सेकंदाला किती मेगाबिट ते. ही ओळ तर फार बोलकी आहे. वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालतं. राउटरच्या जवळ बसून, ५ गिगाहर्ट्झवर ती वाचायची. वाय-फाय ५ या पिढीच्या कार्डाला एकच अँटेना असेल तर चॅनेलच्या नेहमीच्या ८० मेगाहर्ट्झ रुंदीवर जास्तीत जास्त ४३३ दिसतो, दोन असतील तर ८६६. वाय-फाय ६ ला दोन अँटेनांवर १२०१. हा जोडणीचा कमाल वेग आहे, हातात त्याच्या निम्मा किंवा थोडा जास्त पडतो. तुमच्या लॅपटॉपला दोन अँटेना असून राउटरशेजारीही आकडा ४३३ च्या वर सरकत नसेल, तर एक अँटेना कामातून गेल्याची शंका घ्यावी. आणि आकडा ५४ वर अडकला असेल, तर राउटरच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जुनं ‘डब्ल्यूईपी’ किंवा ‘टीकेआयपी’ निवडलेलं आहे का ते बघा. त्या जुन्या पद्धतींवर नव्या वाय-फायचे वेग चालतच नाहीत. तिथे ‘डब्ल्यूपीए२’ आणि ‘एईएस’ निवडा, आकडा लगेच उडी मारतो.

लॅपटॉपच्या अँटेनाकडे कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून इथे जरा थांबतो. वाय-फाय कार्ड कीबोर्डखाली मदरबोर्डवर असतं. अँटेना मात्र बहुतेक लॅपटॉपमध्ये स्क्रीनच्या कडेला, झाकणात असतात. दोन बारीक वायरी, बहुधा एक काळी आणि एक पांढरी किंवा राखाडी, बिजागरीतून खाली येऊन कार्डावरच्या दोन इवल्याशा पिनांवर बसतात. बिजागरी सैल झाली किंवा तुटली की वायर चिमटते. स्क्रीन किंवा बॅटरी बदलून आणल्यावर रेंज गेली, तर नव्वद टक्के शंका याच जोडावर घ्या. लक्षणं ओळखता येतात. झाकणाचा कोन बदलला की सिग्नल वरखाली होतो. किंवा राउटरशेजारी बसूनही टक्केवारी तीसच्या आसपास राहते, आणि शेजाऱ्यांची जी नेटवर्कं मोबाइलवर दिसतात ती लॅपटॉपवर दिसतच नाहीत.

वॉरंटी संपली असेल तर हे काम घरी जमण्यासारखं आहे. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, खालचं झाकण उघडल्यावर आधी बॅटरीचा जोड सोडवा. वायरीचं टोक पिनेच्या बरोबर वर आणून प्लास्टिकच्या पट्टीने सरळ खाली दाबा. टिक असा आवाज यायला हवा. तिरकं दाबलं तर मधली पिन वाकते, आणि मग कार्डच बदलावं लागतं. हे जोड पुन्हा पुन्हा काढघाल करायला बनवलेले नाहीत. ‘यू.एफएल’ प्रकारच्या जोडाची हमी साधारण ३० वेळांची असते, म्हणून सहज बघायला काढू नका.

कार्ड बदलायचं तर बहुतेक लॅपटॉपमध्ये २२ बाय ३० मिलिमीटरचं एम.२ कार्ड बसतं. मात्र घेताना इंटेलचं एएक्स२०१ किंवा एएक्स२११ दिसलं तर सावध राहा. ती इंटेलच्याच ठराविक प्रोसेसरांबरोबर चालतात, एएमडीच्या लॅपटॉपवर मुळीच नाहीत. एएक्स२०० किंवा एएक्स२१० ला ती अट नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये कार्ड बोर्डावर डाग देऊन पक्कं केलेलं असतं, तिथे यूएसबीचा वाय-फाय अडॅप्टर हाच मार्ग.

यूएसबीचं नाव निघालं म्हणून सांगतो. निळ्या पोर्टात लावलेली यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा हब चालू असताना नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करते. इंटेलने २०१२ मध्येच हे लिहून ठेवलंय. डिस्क काढून पिंग पुन्हा चालवा, फरक पडला तर कारण सापडलं. डिस्क अर्धा मीटर वायरीवर दूर ठेवा, किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा.

शक्य असेल तिथे ५ गिगाहर्ट्झवर जाच, असं माझं स्पष्ट मत आहे. सोसायटीत २.४ चा पट्टा तुंबलेला असतो. तिथे एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. कुणीच नाही म्हणून तिसरा चॅनेल निवडणारा माणूस १ आणि ६ या दोघांशीही भांडण ओढवून घेतो. रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर आहे, पण त्याला भिंत सोसत नाही. त्यातही ५२ ते १४४ हे चॅनेल रडार आलं की त्याच्यासाठी सोडावे लागतात. राउटर त्यांवर सुरू होण्याआधी किमान मिनिटभर ऐकत बसतो, आणि रडार जाणवलं की चॅनेल बदलतो. विमानतळाजवळ राहणाऱ्यांचं नेट मधूनच क्षणभर जातं ते यामुळेही असू शकतं. ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढचे चॅनेल लावून बघा.

राउटर कुठे ठेवलाय? बहुधा जिथून फायबर आत आली तिथे, म्हणजे दाराजवळ, चपलांच्या कपाटावर, नाहीतर टीव्हीच्या मागे. लोखंडी कपाट, आरसा, माळ्यावरची पाण्याची टाकी, आरसीसीची भिंत, हे सगळे सिग्नल खातात. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झ जेमतेम पोचतं. राउटर खांद्याच्या उंचीवर, मोकळ्यात, घराच्या मध्याकडे एखादा मीटर सरकवला तरी आकडा बदलतो. मात्र राउटरची ताकद वाढवण्याच्या मागे लागू नका. सभेत भोंग्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला, तरी तिथल्या माणसाचा प्रश्न व्यासपीठावर ऐकू येईलच असं नाही. लॅपटॉपचा आवाज राउटरपेक्षा कमी असतो, आणि जोडणी दोघांच्या बोलण्यावर चालते. कांड्या पूर्ण आणि नेट ठप्प, याचं हे एक मोठं कारण.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी असेल तर ती खूण काढा. हा भाग काही नव्या लॅपटॉपांत दिसत नाही. ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. अपडेटनंतरच बिघडलं असेल तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करा. ‘नेटवर्क रीसेट’ अगदी शेवटी, कारण त्यात साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड जातात.

एवढं करूनही लांबची खोली कोरडीच राहिली, तर रिपीटरऐवजी वायर ओढा. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग निम्मा होतो. शिवाय लोक तो नेट येत नाही त्या खोलीत लावतात, जिथे त्यालाच सिग्नल मिळत नाही. लावायचाच तर वाटेवर, उणे ६५ च्या आसपास जागा शोधून लावा. वायर कॅट ५ई किंवा कॅट ६ ची, पूर्ण तांब्याची घ्या. स्वस्तातल्या वायरीत अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा फक्त मुलामा असतो. जुना राउटर पडून असेल तर तोच पलीकडे लावता येतो. त्याचा पत्ता पहिल्या राउटरपेक्षा वेगळा द्या, म्हणजे पहिला १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२. त्याचं ‘डीएचसीपी’, म्हणजे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम, बंद करा, वायर ‘वॅन’मध्ये न लावता ‘लॅन’च्या छिद्रात लावा, नाव आणि पासवर्ड पहिल्यासारखेच ठेवा, चॅनेल मात्र वेगळा. आणि लॅपटॉप त्या खोलीत येऊनही जुन्याच राउटरला चिकटून राहत असेल, तर कार्डाच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमधलं ‘रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस’, म्हणजे जवळच्या राउटरवर उडी मारण्याची तयारी, एक पायरी वर न्या, आणि पिंग पुन्हा चालवून बघा.