बी.एस्सी. नर्सिंगनंतर सरकारी नोकरी: पगार नेमका कुठे ठरतो?

(दृश्य: जिल्हा रुग्णालयातला स्त्री वॉर्ड. सकाळचे पावणेआठ. दोन सिस्टर खाटेजवळ उभ्या आहेत, एकीच्या हातात रिपोर्ट बुक.)

निवेदन:

सकाळच्या ड्यूटीचा हँडओव्हर सुरू आहे. चार नंबरचं सलाइन संपत आलंय. नऊ नंबरला रात्री दोनदा ताप चढला. अकरा नंबरच्या बाईंचं आज ऑपरेशन आहे, त्यांना तोंडानं काही द्यायचं नाही. नाईटची सिस्टर सांगतेय, सकाळची लिहून घेतेय. दोघींचं शिक्षण एकच: बारावी सायन्स, मग चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी. इंजेक्शन चुकलं तर जाबही दोघींनाच विचारला जाणार. पगाराचं मात्र तसं नाही. एकीच्या खात्यात दर महिन्याला पन्नास हजारांच्या आसपास जमा होतात, दुसरीच्या खात्यात वीस हजार. पहिली नियमित पदावर आहे. दुसरी राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी आहे, आणि तिचा करार दरवर्षी नव्यानं होतो.

मुलगी नर्सिंगला जाते तेव्हा घरचे म्हणतात, "सरकारी लागली म्हणजे झालं." पण सरकारी म्हणजे केंद्राची की राज्याची, महापालिकेची की जिल्हा परिषदेची, नियमित की कंत्राटी, हे चार वर्षांच्या अभ्यासक्रमात कुणी बसवून सांगत नाही. नर्सिंगच्या पदवीधराचा पगार तर नेमका याच प्रश्नांवर ठरतो.

(दृश्य: नागपूर, मिहान परिसर. एम्सची इमारत, ओपीडीकडे जाणारी गर्दी.)

वरच्या पगारापासून सुरुवात करू. एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरचं पद सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल ७ मध्ये येतं. बेसिक ४४,९०० रुपये, आणि ही श्रेणी १,४२,४०० पर्यंत जाते. जाहिरातीत एवढाच आकडा असतो आणि बरेच जण तोच पगार समजतात. हातात येणारी रक्कम कशी तयार होते, ते एकदा मांडून पाहू.

(दृश्य: पडद्यावर पगारपत्रक, एकेक ओळ उमटत जाते.)

समजा, नेमणूक नागपूरला आहे. बेसिक ४४,९००. त्यावर महागाई भत्ता. जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्क्यांचा दर धरला तर २६,०४२ रुपये. नागपूर घरभाड्याच्या दुसऱ्या वर्गात येतं, म्हणून बेसिकच्या २० टक्के, म्हणजे ८,९८०. हीच नेमणूक मुंबई-पुण्यात असती तर ३० टक्के मिळाले असते. त्यानंतर नर्सिंग भत्ता. सातव्या आयोगानं तो महिना ७,२०० ठरवला होता. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला तेव्हा तो पाव पटीनं वाढून ९,००० झाला. प्रवासभत्ता नागपुरात ३,६०० आणि त्यावरचा महागाई भत्ता, म्हणजे ५,६८८. गणवेशाचे पैसे वेगळे. हे सगळं मिळून ९४ हजारांच्या वर जातं. राष्ट्रीय पेन्शन योजनेत असाल तर बेसिक आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के, साधारण ७,१०० रुपये, कापले जातात. तेवढेही पैसे शेवटी आपल्याच खात्यात साठत असतात.

बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीचा हा पहिला पगार आहे. सोलापूरच्या, नांदेडच्या, गडचिरोलीच्या कितीतरी घरांत एवढा पगार आजवर कुणी घेतलेला नाही. म्हणून ही माहिती नर्सिंगच्या पहिल्याच वर्षात मुलींपर्यंत पोहोचली पाहिजे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

इथे जायचा रस्ता म्हणजे नॉर्सेट. देशातल्या एम्ससाठी २०२० पासून ही एकच सामाईक परीक्षा होते. आधी पूर्वपरीक्षा, मग मुख्य परीक्षा. पूर्वपरीक्षेत १०० प्रश्न, ९० मिनिटं. त्यातले ८० प्रश्न नर्सिंगचे, २० सामान्य ज्ञान आणि अभियोग्यतेचे. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण जातात. मुख्य परीक्षा १६० प्रश्नांची. प्रश्न पाठांतराचे नसतात. पेशंटची अवस्था दिलेली असते आणि सगळ्यात आधी काय कराल, असं विचारतात. श्वासनलिका मोकळी कराल, डॉक्टरांना कळवाल की ऑक्सिजन लावाल? वॉर्डात डोळे उघडे ठेवून पोस्टिंग केलेल्या मुलीला असे प्रश्न झेपतात. नुसत्या गाईडवर विसंबलेली तिथे अडते.

बी.एस्सी. झालेल्यांना अनुभवाची अट नाही. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. वयोमर्यादा तीस वर्षं, राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत. ८० टक्के जागा स्त्रियांसाठी असतात, त्यामुळे ब्रदरना, म्हणजे पुरुष नर्सना, उरलेल्या २० टक्क्यांत झगडावं लागतं आणि त्यांचा कट-ऑफ बराच वर जातो. मुलांनी हे आधीच ठाऊक ठेवावं.

(दृश्य: भायखळा, रेल्वेचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मृती रुग्णालय. बाहेरून लोकल जाते.)

लेव्हल ७ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एम्सच येतं. पण हीच श्रेणी रेल्वेत आहे. तिथे पदाचं नाव नर्सिंग सुपरिंटेंडेंट आणि भरती रेल्वे भरती मंडळ करतं. २०२४ च्या पॅरामेडिकल भरतीत या एका पदाच्या ७१३ जागा होत्या. कर्मचारी राज्य विमा महामंडळातही हीच श्रेणी आहे. तिथल्या नर्सिंग ऑफिसरच्या १,९३० जागांची भरती २०२४ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगानं केली. परळचं टाटा स्मारक रुग्णालय अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत येतं. तिथे नर्सची सुरुवात याच बेसिकवर होते.

आणि एक जागा अशी आहे, जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. जवाहर नवोदय विद्यालय. तिथल्या स्टाफ नर्सचं पदही लेव्हल ७ चं आहे. शाळा निवासी, म्हणून नर्सनं आवारातच राहायचं. रात्री अकराला सहावीतल्या मुलाचं पोट दुखायला लागलं, तर तो आधी तिच्याकडे येतो. साधी पोटदुखी आहे की अपेंडिक्स, हे तिलाच ओळखावं लागतं आणि जीप काढायची की नाही, हेही तिलाच सांगावं लागतं. वॉर्डासारखी शेजारी दुसरी सिस्टर नसते. जबाबदारी अंगावर घ्यायची तयारी असलेल्या मुलीनं या जाहिरातीवर जरूर लक्ष ठेवावं.

(दृश्य: ग्रामीण रुग्णालय. बाळंतपणाच्या खोलीबाहेर नातेवाईक.)

आता महाराष्ट्र शासन. इथे दोन विभागांत नेहमी गल्लत होते. जे.जे., ससून, नागपूरचं मेडिकल, संभाजीनगरची घाटी ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. ती वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात. जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. दोन्हींची भरती वेगळी, जाहिरात वेगळी. अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची, वेतनश्रेणी मात्र दोन्हीकडे सारखी: एस-१३, म्हणजे ३५,४०० ते १,१२,४००. राज्याचा जानेवारी २०२५ पासूनचा ५५ टक्के महागाई भत्ता धरला तर बेसिकसह ५४,८७० होतात, वर गावाप्रमाणे घरभाडं.

केंद्राच्या नर्सपेक्षा सुरुवातीलाच साडेनऊ हजारांनी कमी बेसिक, आणि महागाई भत्ता, घरभाडं याच बेसिकवर मोजलं जात असल्यानं फरक वाढतच जातो. केंद्राप्रमाणे नर्सिंग भत्ता द्या, ही राज्यातल्या परिचारिकांची जुनी मागणी आहे, आणि ती रास्तच आहे. ग्रामीण रुग्णालयात एकाच नाईटला बाळंतपणाची खोली आणि अपघात विभाग दोन्ही सांभाळणाऱ्या सिस्टरचं काम कुठल्याही मोठ्या संस्थेतल्या कामापेक्षा हलकं नाही.

राज्याची भरती दरवर्षी होत नाही, ही खरी अडचण. २०२३ मध्ये वैद्यकीय शिक्षण विभागानं अधिपरिचारिकांच्या जवळपास चार हजार जागा काढल्या. त्याच वर्षी आरोग्य विभागाची विविध पदांची सुमारे अकरा हजार जागांची जाहिरात आली. दोन जाहिरातींमध्ये वर्षंच्या वर्षं जातात, आणि तोवर मुली खासगी रुग्णालयांत मिळेल त्या पगारावर काम करत राहतात. राज्याच्या परीक्षेत नर्सिंगबरोबर मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन असतं. नॉर्सेटची तयारी केलेल्या हुशार मुली इथे मराठी व्याकरणात गुण घालवतात. समास, प्रयोग, म्हणी यांचा शाळेनंतर सुटलेला सराव पुन्हा करावाच लागतो. खुल्या प्रवर्गाला वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे एम्सचं वय निघून गेलं तरी हा रस्ता बंद होत नाही.

जिल्हा परिषदेत आरोग्य सेविकेचं पद आहे, ते मुख्यतः एएनएम हा साहाय्यक परिचारिकेचा कोर्स झालेल्यांसाठी. श्रेणी एस-८, बेसिक २५,५००. महापालिकांची भरती त्यांची त्यांची, त्यांच्या संकेतस्थळांवर बघत राहावं लागतं.

(दृश्य: गावातलं उपकेंद्र, दारावर "आयुष्मान आरोग्य मंदिर" असा फलक. बाहेर बाकावर तीन-चार म्हाताऱ्या बायका.)

बी.एस्सी. झालेल्यांना आजकाल सगळ्यात लवकर मिळते ती ही नोकरी: समुदाय आरोग्य अधिकारी. साधारण पाच हजार लोकसंख्येला, आदिवासी आणि डोंगराळ भागात तीन हजारांना एक उपकेंद्र. तिथे रक्तदाब मोजणं, साखर तपासणं, गोळ्या चालू आहेत का बघणं, गरज पडली तर व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला घेऊन देणं. बाकावरच्या त्या आजी महिन्याच्या गोळ्या न्यायला आल्या आहेत. पूर्वी त्यासाठी तालुक्याला जावं लागायचं, म्हणून गोळ्या मध्येच सुटायच्या. आता सुटत नाहीत. हे काम मोलाचं आहे, यात शंका नाही.

पण पद कंत्राटी आहे. महाराष्ट्रात महिना २५,००० ठरलेले आणि कामाच्या निकषांवर जास्तीत जास्त १५,००० वर. म्हणजे पूर्ण ४०,००० मिळतीलच, असं नाही. किती तपासण्या झाल्या, किती नोंदी ऑनलाइन भरल्या, त्यावर ती वरची रक्कम ठरते. रेंज नसलेल्या पाड्यावर नोंदी कशा भरायच्या, हा प्रश्न तिथली सिस्टरच जाणते.

जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या परिचारिका कंत्राटी भरतीच्या विरोधात संपावर गेल्या. त्याच ऑगस्टमध्ये आरोग्य अभियानातले कंत्राटी कर्मचारी सेवेत कायम करा म्हणून बेमुदत संपावर गेले. पद कायमचं असेल, पेशंट रोज येत असतील, तर माणूस कंत्राटी ठेवण्याचं समर्थन होऊ शकत नाही. तोवर मुलींना आमचं सांगणं एवढंच: कंत्राटी नोकरी घ्या, अनुभव घ्या, पण नियमित भरतीचा अभ्यास सोडू नका. पाच-सहा वर्षं बघता बघता जातात आणि तिशी ओलांडली की, वयाची सवलत नसेल तर, एम्सचा अर्जही भरता येत नाही.

जाहिरात वाचताना एक ओळ आधी शोधा. "वेतनस्तर एस-१३" किंवा "लेव्हल ७" असं असेल तर पद वेतनश्रेणीतलं. "एकत्रित मानधन" असं असेल तर ते कंत्राट. त्यावर महागाई भत्ता नाही, घरभाडं नाही.

(दृश्य: पुणे, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचा परिसर. संचलन करणाऱ्या कॅडेट.)

लष्कराच्या परिचर्या सेवेचा रस्ता पदवीच्या आधीच सुरू होतो. १८८८ मध्ये दहा प्रशिक्षित ब्रिटिश परिचारिका लष्करी रुग्णालयांसाठी मुंबईत उतरल्या, तिथून या सेवेचा इतिहास सांगतात. आज बारावीनंतर नीटच्या गुणांवर मुलींची निवड होते. पुण्याचं महाविद्यालय आणि मुंबईतलं नौदलाचं अश्विनी रुग्णालय धरून देशात अशा सहा संस्था आहेत, जागा २२०. शिक्षण, राहणं, जेवण सरकारी खर्चानं. चार वर्षांनी लेफ्टनंट म्हणून कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची नेमणूक, मिळतं, बेसिक ५६,१०० आणि वर लष्करी सेवा वेतन. त्याबदल्यात सेवेचा बाँड द्यावा लागतो. घरची परिस्थिती बेताची असलेल्या हुशार मुलीसाठी याहून चांगला रस्ता आम्हाला दिसत नाही.

या सेवेत पूर्वी लग्न केलं म्हणून अधिकारी स्त्रीला काढून टाकत. १९८८ मध्ये असंच काढलेल्या एका अधिकारी बाईंना सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि असा नियम भेदभावाचा असल्याचं स्पष्ट म्हटलं. लढा देणाऱ्या त्या बाईंमुळे पुढच्या मुलींची वाट सोपी झाली आहे.

खासगी रुग्णालयांतल्या पगाराबद्दल थोडं बोलायला हवं, कारण सरकारी नोकरीसाठी एवढी धडपड का होते, ते तिथे कळतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्रानं समिती नेमली. २०० हून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयानं सरकारी नर्सइतका पगार द्यावा, १०० ते २०० खाटा असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा लहान रुग्णालयातही २०,००० च्या खाली जाऊ नये, अशी समितीची शिफारस होती. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली. छोट्या शहरांतल्या नर्सिंग होममध्ये आजही त्या वीस हजारांच्या कितीतरी खाली पगार आहेत.

केंद्राचा आठवा वेतन आयोग न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला आहे, त्यामुळे हे आकडे बदलणार. राज्यात मात्र उशीर धरूनच चालावं. सातवा आयोग केंद्रानं २०१६ मध्ये दिला, महाराष्ट्रात प्रत्यक्ष पगारात तो २०१९ मध्ये आला.

(दृश्य: सायबर कॅफे. पडद्यावर अर्ज, शेजारी प्लास्टिकच्या फाइलमध्ये कागदपत्रं.)

शेवटच्या वर्षातल्या मुलींसाठी. निकाल लागला की आधी परिचर्या परिषदेची नोंदणी करा, तिच्याशिवाय कुठलाच अर्ज पुढे जात नाही. अधिवास, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता ही कागदपत्रं जाहिरात सुटायच्या आधी हातात असू द्या, कारण जात वैधतेलाच कित्येक महिने लागतात. बी.एस्सी.च्या चारही वर्षांच्या गुणपत्रिका, इंटर्नशिपचं प्रमाणपत्र आणि दहावीच्या दाखल्यावरचं नाव एकदा शेजारी ठेवून ताडून बघा. वडिलांच्या नावातली एक वेलांटी वेगळी असली, तरी कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर अडवतात. दुरुस्तीला विद्यापीठ वेळ घेतं, म्हणून तो अर्ज या महिन्यातच टाका.