घेतलेलं पुढे देताना

[पडद्यावर: लांबलचक ट्रेलरवर आडवं बांधलेलं एक प्रचंड सूचीपर्णी झाड. रस्त्याच्या कडेला हात हलवणारी माणसं.]

दरवर्षी कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात एक उंच, डौलदार झाड शोधून काढलं जातं. नोव्हेंबरमध्ये समारंभाने ते तोडतात, ट्रेलरवर चढवतात आणि सीमेपलीकडे अमेरिकेतल्या बोस्टन शहरात पोचवतात. नाताळच्या दिवसांत शहराच्या मध्यवर्ती बागेत ते दिव्यांनी उजळतं. बोस्टनला त्याचं बिल जात नाही.

हिशोब जुना आहे. ६ डिसेंबर १९१७, पहिल्या महायुद्धाचे दिवस. नोव्हा स्कॉशियातल्या हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याने खच्चून भरलेल्या 'माँ ब्लाँ' या फ्रेंच जहाजाची 'इमो' या नॉर्वेजियन जहाजाशी टक्कर झाली. आग लागली. बंदरात काय पेटलंय ते बघायला माणसं खिडक्यांशी जमली. वीसेक मिनिटांत जहाज फुटलं आणि शहराचा उत्तरेकडचा भाग भुईसपाट झाला. सुमारे दोन हजार माणसं गेली, नऊ हजारांच्या आसपास जखमी झाली. खिडक्यांशी उभ्या असलेल्या शेकडो लोकांच्या डोळ्यांत काचा घुसल्या.

[पडद्यावर: उद्ध्वस्त हॅलिफॅक्सची कृष्णधवल छायाचित्रं.]

बोस्टनला तारेने बातमी कळली आणि त्याच रात्री डॉक्टर, परिचारिका आणि औषधं घेऊन एक खास आगगाडी निघाली. वाटेत हिमवादळाने तिला गाठलं. बर्फातून वाट काढत ती ८ तारखेला सकाळी हॅलिफॅक्सला पोचली. पुढच्या वर्षीच्या नाताळात हॅलिफॅक्सने बोस्टनला आभाराचं झाड पाठवलं.

मग पन्नासहून जास्त वर्षं काहीच नाही. १९७१ मध्ये ही प्रथा पुन्हा सुरू झाली आणि आजवर चालू आहे. खरं सांगायचं तर १९७१ मध्ये झाड पाठवणाऱ्या उत्पादकांच्या मनात आपल्या झाडांची जाहिरात व्हावी हाही हेतू होता. असू दे. कृतज्ञता सोवळ्यातच असली पाहिजे असं थोडंच आहे?

त्याच स्फोटाचा आणखी एक परिणाम झाला. त्याची आठवण मात्र झाडाइतकी निघत नाही. १९१८ च्या मार्चमध्ये कॅनडात अंधांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. युद्धात दृष्टी गमावलेले सैनिक हे त्याचं एक कारण, आणि हॅलिफॅक्सच्या खिडक्यांशी उभी असलेली माणसं हे दुसरं. त्यांच्यासाठी जे उभं राहिलं, ते पुढे हॅलिफॅक्सचं नावही न ऐकलेल्या लोकांच्या उपयोगी पडलं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण दुःख आणि कृतज्ञता हे शब्द एकत्र आले की एक धोका असतो. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला कुणीतरी हमखास ऐकवतं, "जे होतं ते चांगल्यासाठीच होतं." बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण ऐकणाऱ्याला ते कसं लागत असेल? चांगल्यासाठी म्हणजे कुणाच्या?

रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आघातातून गेलेल्या माणसांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. १९९६ मध्ये त्यांनी २१ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. अनेक जण सांगत होते की नाती घट्ट झाली, आपल्यात इतकं बळ आहे हे ठाऊक नव्हतं, साध्या दिवसाचीही किंमत कळली. मात्र ही वाढ आघातातून होत नाही, आघाताशी केलेल्या झगड्यातून होते, असं हे दोघे बजावतात. शिवाय त्यामुळे दुःख कमी होतं असंही नाही. दोन्ही एकाच माणसात, एकाच दिवशी असू शकतात. आणि कुणाच्या वाट्याला ती वाढ आलीच नाही, तर तो काही त्याचा दोष नव्हे.

म्हणजे आभार मानायचे ते घडलेल्या गोष्टीचे नाहीत. ती घडल्यावर जे धावून आले, त्यांचे.

[पडद्यावर: रुग्णालयाचा रिकामा व्हरांडा. दोन खुर्च्या.]

आता इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री शहर, साल १९६८. एकाच रुग्णालयात दोन मुलगे काही दिवसांच्या अंतराने गेले. दोन्ही कुटुंबांची आधीची ओळख नव्हती. एका मुलाच्या आईवडिलांनी दुसऱ्याच्या आईवडिलांना फुलं पाठवली. पुढे ते चौघे भेटले, चहा घेतला, मुलांबद्दल बोलले, रडले. रुग्णालयातले तरुण धर्मोपदेशक सायमन स्टीफन्स हे सगळं पाहत होते. आपल्याला जे सांत्वन करता आलं नाही ते हे चौघे एकमेकांचं करताहेत, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यातून १९६९ मध्ये 'द कंपॅशनेट फ्रेंड्स' हा अपत्य गमावलेल्या पालकांचा गट सुरू झाला. आज तो अनेक देशांत आहे.

अशा गटात काय होतं, असं विचारलं तर उत्तर फार साधं आहे: गेलेल्या मुलाचं नाव घेता येतं. बाहेर ते नाव निघालं की लोक विषय बदलतात. आईला त्रास नको म्हणून बदलतात, आणि त्रास नेमका त्याचाच होतो. गटात कुणी विषय बदलत नाही. हळूहळू आणखी एक गोष्ट घडते. काही वर्षांपूर्वी जी आई खाली मान घालून कोपऱ्यात बसली होती, तीच एका संध्याकाळी दारात उभी राहून नव्याने आलेल्या आईला आत घेते. तिला कुणी नेमलेलं नसतं. समोरची बाई आत्ता काय सोसतेय हे तिला सांगावं लागत नाही, एवढंच.

देणाऱ्याचं महत्त्व आपण नेहमी सांगतो. घेणं किती अवघड असतं, ते मात्र फारसं बोललं जात नाही.

[पडद्यावर: वेल्समधली हिरवी दरी. पांढऱ्या कमानींची ओळ.]

वेल्समधल्या ॲबरफॅन या खाणकामगारांच्या गावात २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी कोळसाखाणीच्या कचऱ्याचा डोंगर घसरून शाळेवर आला. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. जगभरातून मदतीचा ओघ लागला. पण डोंगरावरचे बाकीचे ढीग हटवायची वेळ आली, तेव्हा त्या खर्चासाठी सरकारने याच मदतनिधीतून दीड लाख पौंड घ्यायला लावले. ढीग सरकारी कोळसा मंडळाचे आणि पैसा मेलेल्या मुलांच्या नावाने जमलेला. ही रक्कम परत मिळायला १९९७ साल उजाडलं, तेही व्याजाविना. अशा गावाला "कृतज्ञ राहा" असं सांगायची कुणाची छाती होईल? कृतज्ञता वाटण्याआधी न्याय मिळावा लागतो. निदान आपलं म्हणणं कुणी ऐकतंय असं तरी वाटावं लागतं.

तरीही त्याच गावातल्या पुरुषांनी दुर्घटनेनंतर एकत्र येऊन गायला सुरुवात केली. 'इनिसोवेन' पुरुष गायनवृंद त्यातूनच जन्मला. त्याने पुढे धर्मादाय कामांसाठी जागोजागी कार्यक्रम केले. बायकांनी आपलं मंडळ काढलं. दुःखावर बोलणं न जमणाऱ्या पुरुषांना निदान दर आठवड्याला भेटायचं कारण हवं होतं, असं मला वाटतं. गाणं हे कारण म्हणून काही वाईट नाही.

[पडद्यावर: दगडमातीच्या घरांचे ढिगारे.]

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमाराला लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जमीन हादरली. किल्लारी हे नाव महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड छत अशी ती घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसं गेली. पुढच्या पुनर्वसनात अनेक गावांत महिला मंडळांतल्या बायका पुढे आल्या. भूकंपाला टिकेल असं घर कसं बांधायचं हे त्या शिकल्या, कामावर लक्ष ठेवायला लागल्या, सरकारी यंत्रणा आणि गावकरी यांच्यातला दुवा झाल्या. 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था आणि तिच्या संस्थापक प्रेमा गोपालन यांनी या बायकांवर विश्वास टाकला होता.

पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरलं, आणि लातूर-उस्मानाबादच्या या बायका तिकडे गेल्या.

त्यांच्याकडे द्यायला पैसा नव्हता. त्यांच्याकडे होती ती सात वर्षांची शिदोरी: पहिल्या धावपळीनंतर काय होतं, घर बांधताना कुठे फसवणूक होते, कुठल्या निर्णयात बायकांना बाजूला सारलं जातं, आणि तिथे पाय रोवून कसं उभं राहायचं. हे सगळं एखाद्या अभियंत्यालाही सांगता आलं असतं. पण "आमचंही घर असंच पडलं होतं" हे वाक्य त्याला म्हणता आलं नसतं.

आपत्तीनंतरच्या मनःस्थितीचा अभ्यास करणारे सांगतात की सुरुवातीला एक भारलेला काळ असतो. सगळे धावतात, अनोळखी माणसं एकमेकांना सावरतात. नंतर पाहुणे परततात, कॅमेरे जातात, फाइली अडकतात आणि निराशेचा लांबलचक पट्टा सुरू होतो. मदतीची खरी गरज तेव्हा असते, आणि नेमकी तेव्हाच ती आटते. म्हणून कुणाला हात द्यायचा असेल तर पहिल्या आठवड्याच्या गर्दीत नाही जमलं तरी चालेल. चौथ्या महिन्यात जा. "काही लागलं तर सांग" म्हणू नका, सांगायचं ओझं पुन्हा त्याच माणसावर पडतं. "मंगळवारी मी तुझ्याबरोबर बँकेत येतो," असं म्हणा.

आणि ज्याच्यावर वेळ आली आहे, त्याने परतफेडीची घाई करू नये. काही माणसं महिन्याभरात ट्रस्ट काढतात, शिबिरं भरवतात, दिवसरात्र राबतात. काहींना त्याने खरंच तारलं आहे. काहींसाठी मात्र ते काम रडणं पुढे ढकलण्याचा मार्ग ठरतं, आणि पुढे ढकललेलं रडणं कधीतरी वसुलीला येतंच. दोन वर्षांनी रक्तदान केलं, पाच वर्षांनी एका मुलाची फी भरली, तरी उशीर झाला असं कुणी म्हणणार नाही.

कधीकधी मात्र थांबायला वेळच नसतो.

[पडद्यावर: दक्षिण इटलीतला महामार्ग, रात्र.]

१९९४ च्या सप्टेंबरअखेर एक अमेरिकन कुटुंब दक्षिण इटलीत गाडीने प्रवास करत होतं. लुटारूंनी गाडीवर गोळ्या झाडल्या. मागे झोपलेल्या सात वर्षांच्या निकोलस ग्रीनला गोळी लागली. दोन दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं की आता आशा नाही. आईवडिलांनी, मॅगी आणि रेग ग्रीन यांनी, त्याचे अवयव दान केले. ज्या देशात मुलगा मारला गेला त्याच देशातल्या सात जणांना ते मिळाले. त्यांतली एकोणीस वर्षांची मुलगी यकृताअभावी मरणाच्या दारात होती. ती वाचली, पुढे तिचं लग्न झालं, मुलगा झाला. त्याचं नाव तिने निकोलस ठेवलं.

अवयवदानात इटली तेव्हा पश्चिम युरोपात खूप मागे होता. पुढच्या दहा वर्षांत तिथलं प्रमाण तिपटीच्या घरात गेलं. इटलीत त्याला 'निकोलस परिणाम' असं नाव पडलं. रेग ग्रीन नंतर कित्येक वर्षं या विषयावर बोलत राहिले. मुलाच्या जाण्याचं दुःख संपलं असं त्यांनी कधी भासवलं नाही.

सात जणांपैकी कुणीही ग्रीन दांपत्याला काही परत देऊ शकत नव्हतं. अशा देण्याची परतफेड देणाऱ्याकडे जातच नाही, ती तिसरीकडेच कुठेतरी जाते. कधीकधी तिला पावणेदोनशे वर्षंही लागतात.

[पडद्यावर: आयर्लंडमधलं मिडल्टन. वर्तुळात उभी पोलादी पिसं.]

१८३० च्या दशकात अमेरिकी सरकारने चॉक्टॉ या मूळनिवासी लोकांना त्यांच्या भूमीवरून हुसकावून शेकडो मैल चालायला लावलं. थंडीने, भुकेने, रोगराईने हजारो मेले. जेमतेम सोळा वर्षांनी, १८४७ मध्ये, त्यांच्या कानावर आलं की समुद्रापलीकडे आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक गेलंय आणि लोक उपाशी मरताहेत. चॉक्टॉ लोकांनी वर्गणी काढली. आकडा बहुतेक ठिकाणी १७० डॉलर असा सांगतात. उपाशी मरणं म्हणजे काय हे ज्यांनी नुकतंच पाहिलं होतं, त्यांच्या गाठीचे ते पैसे होते.

आयरिश लोक हे विसरले नाहीत. मिडल्टन गावात त्यांनी नऊ पोलादी पिसांचं शिल्प उभारलं. चॉक्टॉ विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती जाहीर केली. मग २०२० मध्ये कोरोनाने अमेरिकेतल्या नवाहो आणि होपी या मूळनिवासी लोकांच्या वस्त्यांना गाठलं. तिथे अनेक घरांत नळाचं पाणीही नव्हतं. मदतनिधी उघडला, तशा आयर्लंडमधून देणग्या येऊ लागल्या आणि त्यांच्यासोबत १८४७ ची आठवण काढणाऱ्या ओळीही.

नवाहो आणि होपी म्हणजे काही चॉक्टॉ नव्हेत. त्यांनी आयर्लंडला एक छदामही दिलेला नव्हता. पैसे पाठवणाऱ्यांना त्याने काही फरक पडला नाही.

चॉक्टॉंचे प्रमुख गॅरी बॅटन यांना ही बातमी कळली तेव्हा त्यांनी समाधान व्यक्त केलं. आश्चर्य मात्र आपल्याला बहुधा अजिबात वाटलेलं नाही, असंही त्यांनी सांगितलं.