बायपासचं घड्याळ

श्रोतेहो, नमस्कार. बायपासच्या पेशंटला सकाळी आत नेलं की बाहेर बसलेल्यांची नजर घड्याळावर. पाच तास होतात, सहा होतात, मनात पाल चुकचुकते. पण त्यातला पहिला तासभर भूल देण्यात, मनगटात आणि मानेत नळ्या बसवण्यातच जातो. मग छातीचं हाड उघडायचं, पायातली शीर आणि छातीच्या आतली धमनी सोडवून घ्यायची. एवढं होईपर्यंत हृदय आपलं आपण चालूच असतं.

महत्त्वाच्या वेळा दोन. रक्त हार्ट-लंग मशीनमधून, म्हणजे हृदय आणि फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रातून, किती वेळ फिरलं, तो पंप टाइम. महाधमनीला चिमटा लावून हृदय किती वेळ थांबवलं, तो क्लॅम्प टाइम. १९५३ साली फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी या यंत्राच्या आधाराने पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं, तेव्हा सगळा भार यंत्राने २६ मिनिटं पेलला होता. आज तीन-चार ग्राफ्टला, म्हणजे सोडवलेल्या शिरा-धमन्यांचे नवे रस्ते जोडायला, याहून बराच जास्त वेळ लागतो.

थांबलेल्या हृदयाला जपण्यासाठी पोटॅशियमचं द्रावण देतात. नेहमीच्या पद्धतीत दर १५-२० मिनिटांनी पुन्हा. तरी चिमटा लांबला की हृदय सुरू झाल्यावर मरगळलेलं असतं आणि रक्तदाबाच्या औषधांवर जास्त वेळ ठेवावं लागतं. पंप लांबला तर प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरून प्लेटलेट थकतात, रक्त नीट गोठत नाही, मूत्रपिंडावर ताण येतो, व्हेंटिलेटर उशिरा निघतो. वयस्कर माणूस दोन-तीन दिवस असंबद्ध बोलू शकतो. घरचे घाबरतात, पण बहुतेकदा ते ओसरतं.

मात्र उलटही खरं. मुळात केस अवघड, म्हणून वेळ लागतो. छाती दुसऱ्यांदा उघडायची तर चिकटलेले पडदे सोडवण्यातच तास जातो. शेवटी रक्तस्राव थांबवायला घेतलेली वीस मिनिटं तर सोन्याची. ती वाचवली आणि रात्री पेशंटला परत टेबलावर घ्यावं लागलं, तर काय मिळवलं?

आपल्याकडे बऱ्याच बायपास मशीनशिवाय, धडधडत्या हृदयावरच होतात. तिथे हे दोन आकडे नसतातच.

तेव्हा डॉक्टरांना एकूण तास विचारू नका. पंप आणि क्लॅम्प किती वेळ होते, रक्त किती द्यावं लागलं, लघवी नीट होते आहे का, हे विचारा. हाड जुळायला मात्र ऑपरेशन तीन तासांचं असो की सात, सहा ते आठ आठवडे लागतातच. तोवर पाण्याची बादली दुसऱ्या कुणीतरी उचलायची.