अक्कलदाढ काढल्यावरचे सात दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचे पेपर, मग सीईटी, हे सगळं एकदाचं आटोपलं की बऱ्याच घरांत मागे पडलेला एक विषय पुन्हा निघतो. दिवाळीत हिरडी सुजली होती, गोळ्या घेऊन बसली, आणि डॉक्टर म्हणाले होते, ‘अक्कलदाढ आडवी आहे, सुट्टीत काढून टाकू.’ आज याच काढण्याबद्दल बोलायचं आहे. खुर्चीत काय होतं ते सांगूच, पण जास्त वेळ देऊ पुढच्या सात दिवसांना. दाढ अर्ध्या-पाऊण तासात निघते. त्रास वाढतो किंवा टळतो, तो घरी गेल्यावर.

आधी एक भीती दूर करू. दाढ काढली की नजर कमी होते, असं आजी-आजोबा अजून सांगतात. दाढेची संवेदना नेणारी नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. दाढ काढल्याने नजरेला काहीही होत नाही.

प्रत्येक अक्कलदाढ काढायची नसते. सरळ आलेली, ब्रश पोचतो अशी, समोरच्या दाढेवर नीट टेकणारी दाढ राहू द्यावी. दुखत नसलेली, निरोगी रुतलेली दाढ सरसकट काढू नका, असं ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००० साली सांगितलं. पुढचे दात वाकडे होतील या एका धास्तीने काढायला सांगत असतील, तर थांबा आणि दुसरं मत घ्या. काढायची कधी? अर्धवट बाहेर आलेल्या दाढेवरच्या हिरडीच्या झडपेखाली अन्न अडकून ती वारंवार सुजते तेव्हा. आडव्या दाढेमुळे पुढची चांगली दाढ मागच्या बाजूने किडू लागते तेव्हा. किंवा एक्स-रेमध्ये दाढेभोवती गाठ दिसते तेव्हा.

अशी कारणं असतील, तर १७ ते २० हे वय सोयीचं. मुळं अजून पूर्ण झालेली नसतात, हाड तितकं कडक नसतं, जखम लवकर भरते. पंचविशीनंतर तीच दाढ जास्त दमवते.

पहिलं काम म्हणजे ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकाच फोटोत दाखवणारा एक्स-रे. त्यात डॉक्टर मुख्यतः एक गोष्ट बघतात: खालच्या दाढेची मुळं आणि जबड्यातून ओठाकडे जाणारी नस यांत अंतर किती आहे. फार जवळ असतील तर सीबीसीटी नावाचा, जबडा त्रिमितीत दाखवणारा स्कॅन सांगतात. खालचा ओठ काही दिवस किंवा काही आठवडे बधिर राहण्याचा धोका याच नसेमुळे असतो. कायमची बधिरता शंभरात एकालाही येत नाही, पण हा प्रश्न आधी विचारावा आणि उत्तर समजून घ्यावं. नाशिकच्या पंचवटीतल्या कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी या शस्त्रक्रियांचा स्वतंत्र विभाग असतो. मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांच्या आत असेल तर संमतीच्या कागदावर आई-वडिलांची सही लागते, म्हणून एकटं पाठवू नका.

त्या दिवशी जेवून या. पोळी-भाजी किंवा वरण-भात खाऊन दीड-दोन तासांनी खुर्चीत बसावं. श्रावणी सोमवारचा उपवास धरून आलेल्या मुलीला सुई दिसली की घेरी येते. पूर्ण भूल देऊन करणार असतील तर नियम उलटा: सहा तास आधीपासून काहीही खायचं नाही. दमा, पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी, रक्त लवकर न थांबणं, चालू असलेल्या गोळ्या, हे सगळं आधी सांगा. सुपारी किंवा मावा खायची सवय असेल तर तेही सांगा, आई-वडिलांसमोर जमत नसेल तर आत गेल्यावर सांगा. सुपारीने तोंड उघडणं कमी होतं, आणि तोंड दोन बोटंच उघडत असेल तर मागच्या दाढेपर्यंत हत्यार पोचवणंच अवघड जातं.

आता खुर्चीत काय होतं. दोन-तीन इंजेक्शनं देतात, एक जबड्याच्या आतल्या बाजूला, एक गालाच्या बाजूला. पाच-दहा मिनिटांत ओठ जड, फुगल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो फुगलेला नसतो. मग हिरडी थोडी उघडतात, दाढेवरचं थोडं हाड पाण्याच्या धारेखाली काढतात, आणि आडवी दाढ असेल तर तिचे दोन तुकडे करून एकेक बाहेर घेतात. दाब जाणवतो, मशीनचा आवाज कानात घुमतो, कधी ‘कट्’ असा आवाज येतो. तो दाढेचा असतो, जबड्याचा नाही. दाब जाणवायचाच, टोचणारी कळ मात्र यायला नको. आली तर डावा हात वर करा, भूल वाढवता येते. वरची दाढ बहुधा काही मिनिटांतच निघते. शेवटी जखम सलाईनने धुऊन दोन-तीन टाके घालतात.

टाक्यांबद्दल आधीच विचारा. काळ्या रेशमी धाग्याचे टाके सातव्या दिवशी काढावे लागतात. सुरगाणा, पेठ किंवा इगतपुरीकडून येणाऱ्यांनी आपोआप विरघळणारे चालतील का, हे विचारून घ्यावं, एसटीची एक फेरी वाचते. आणि शेवटची गाडी गाठायची म्हणून लगेच उठू नका. तासभर दवाखान्यातच बसा, रक्त थांबलंय हे डॉक्टरांना बघू द्या.

आता मुख्य गोष्ट. दाढ निघाली की तिथे खड्डा राहतो आणि तो रक्ताने भरून गोठतो. ही गुठळी म्हणजे त्या खड्ड्याचं झाकण. तिच्याखाली उघडं हाड असतं. गुठळी टिकली तर हिरडी तिच्यावरून सरकत येते. ती निघून गेली तर हाड उघडं पडतं, आणि त्यालाच ड्राय सॉकेट म्हणतात.

गुठळी टिकवायची कशी? गॉझचा बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरा. दर पाच मिनिटांनी काढून बघू नका, बघताना तीच गुठळी बोळ्याला चिकटून येते. पहिले २४ तास थुंकायचं नाही, खळखळून चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. नारळपाणी प्या, पण पेल्याने. लाळ गिळा. लाळेत रक्ताचा एक थेंब मिसळला तरी सगळी लाळ लाल दिसते, त्याने घाबरू नका. पुन्हा धार लागली तर स्वच्छ ओला गॉझ घडी करून जखमेवर ठेवा आणि अर्धा तास दाबा. दोनदा दाबूनही थांबत नसेल तर फोन करा. सिगारेट आणि तंबाखू निदान आठवडाभर पूर्ण बंद. हळद, तंबाखूची राख, लवंगेचं तेल यांतलं काहीही जखमेत घालू नका. घरातलं माणूस मायेने सुचवतं, पण त्याने जखम भाजते किंवा बिघडते.

बर्फ पहिल्याच दिवशी. फडक्यात गुंडाळून गालावर १५ मिनिटं, मग १५ मिनिटं विश्रांती. गरम शेक पहिल्या दिवशी नको. भूल दोन ते चार तासांत उतरते, म्हणून दुखण्याची गोळी ती उतरायच्या आधीच घ्या, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेत. पावसाळ्यात किंवा नंतर ताप असेल तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका. डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल चालते, तीही विचारूनच. ओठ बधिर असताना गरम चहा पिऊ नका, आणि ओठ चावला जाणार नाही याकडे लक्ष द्या.

खायला मऊ भात-वरण, गार ताक, केळं, मऊ खिचडी, रव्याची खीर, सुकामेवा नसलेलं आइस्क्रीम. मिसळ आठवडाभर दूर ठेवा, फरसाण आणि तर्री दोन्ही जखमेला त्रास देतात. चिवडा, पापड आणि डाळिंबाचे दाणेही नकोत. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा, जेवणानंतर तर नक्कीच. पाणी तोंडात घोळवायचं नाही, मान कलती करून भरून ठेवायचं आणि तोंड उघडून खाली सोडून द्यायचं. बाकीच्या दातांना ब्रश चालूच ठेवा. ढोलपथकाचा सराव असेल तर पाच-सहा दिवस रजा घ्या. ढोल कमरेला बांधून उड्या मारल्या की रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, हे आधीच माहीत असलेलं बरं. आपण बिघडत चाललो असं वाटतं, पण हा तिचा नेहमीचा क्रम आहे. तोंड बोटभरच उघडतं, गालावर निळसर-पिवळा डागही येऊ शकतो. चौथ्या दिवसापासून हळूहळू तोंड उघडायचा सराव करा, आज एक बोट, परवा दोन. आरशात खड्डा पाहाल, तर गुठळीवर पांढरट-पिवळसर, सायीसारखा थर दिसेल. पुष्कळ जण त्याला पू समजून कापसाने पुसतात. पुसू नका, जखम भरू लागल्याची ती खूण आहे.

पू झाला असेल तर खूण वेगळी: तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढते, ताप येतो, घाण चव येते. ड्राय सॉकेटची खूण आणखी वेगळी. दोन दिवस दुखणं कमी होत गेलेलं असतं आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी अचानक ठणका लागतो, कानापर्यंत जातो, गोळीने थांबत नाही, तोंडाला वास येतो. आरशात गुठळी नसते, हाड दिसतं. घरी सहन करत बसू नका. दवाखान्यात खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरतात आणि बहुतेकांना थोड्याच वेळात आराम पडतो. पट्टी दोन-तीनदा बदलावी लागते, एवढंच. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, जिभेखाली सूज आली, तर सकाळची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात जा. ओठ दुसऱ्या दिवशीही बधिर असेल तर तेही डॉक्टरांना कळवा.

सातव्या दिवशी टाके निघाले तरी खड्डा महिनाभर जाणवतो, भाताची शितं त्यात जाऊन बसतात. सुई नसलेली सिरिंज मागून घ्या आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापासून मीठ-पाण्याची हलकी धार सोडून तो धुवा. दुसऱ्या बाजूच्या दाढा काढायच्या असतील तर दोन-तीन आठवड्यांनी, म्हणजे तोवर एका बाजूने नीट चावता येतं. तेव्हा येताना ओपीजीचा फोटो बरोबर आणा, तोच पुन्हा लागतो.

नमस्कार.